सात खिडक्यांचं पोट

सुरतेत पोटं दोनच प्रकारची. एक मोटीबेननी पाहिलेली, दुसरी मोटीबेननी अजून न पाहिलेली. दुसऱ्या प्रकारची थोडीच होती, आणि तीही बहुतेक पाहुणी म्हणून आलेली.

मोटीबेन म्हणजे आमच्या पॅथॉलॉजी लॅबच्या डॉक्टर आणि मालकीण. 'मोटी' म्हणजे गुजरातीत थोरली. भावंडांत थोरल्या म्हणून घरात हे नाव पडलं आणि घरातून ते सगळ्या सुरतेत पसरलं. अंगानं म्हणाल तर एवढ्याशा. स्टुलावर दोन उशा ठेवल्याशिवाय त्यांचा डोळा सूक्ष्मदर्शकाला पोचायचा नाही. तिसरी उशी मी एकदा आणून दिली, तर म्हणाल्या, "गप्पीदास, मला बघायचंय, उडायचं नाही."

गप्पीदास मीच. थापाड्याला सुरतेत असं म्हणतात. मी त्यांच्याकडे टेक्निशियन होतो, नऊ वर्षं. बारा सांगत असतो, पण नऊ.

नवागामहून डिंडोलीकडे जाताना एका लूमच्या कारखान्याच्या डोक्यावर आमची लॅब. खाली साठ-सत्तर लूम, वर आम्ही. लूम सुरू झाले की भिंत थरथरे, टेबल थरथरे, काचेवरचं मांस थरथरे. एकदा तर एक पित्ताशय थरथरत थरथरत टेबलावरून उतरून जिन्यापर्यंत गेलं होतं, मी त्याला समजूत घालून परत आणलं. हे मी सगळ्यांना सांगतो. जिन्यापर्यंत नव्हतं गेलं, टेबलाच्या काठापर्यंत गेलं होतं. बरं, काठापर्यंतही नव्हतं. पण थरथरत होतं, हे शपथेवर.

म्हणून मोटीबेनचा एक नेम होता. आमच्या भागात आठवड्यातून एक दिवस कारखान्यांची वीज बंद असते. त्या दिवशी लूम गप्प. अवघड काच आली की त्या ती बाजूला ठेवून देत आणि त्या बंद वाराची वाट बघत. डॉक्टरांचे फोन येत, नातेवाईक जिन्यात बसून राहत, पण बाई हलायच्या नाहीत. "कारखाना बोलत असताना पोटाचं ऐकू येत नाही," म्हणायच्या.

तो वार उजाडला की लॅबवर एक वेगळंच ऊन पडे. खालचा आवाज गेला की कान सुन्न होतात, जसं काही कुणी शहरावर जाड गोधडी टाकली आहे. इन्व्हर्टरवर एकच दिवा. खिडकीशी माझी रंगाची भांडी, एकात जांभळा, एकात गुलाबी, आणि ऊन त्यातून जाऊन समोरच्या भिंतीवर डुलायचं. मोटीबेन दोन उशांवर चढत, पदर खोचत, डोळा लावत. आणि मग त्या जात.

जात म्हणजे खरंच जात. अंग स्टुलावर, बाई गायब. मी चहा ठेवावा, त्यावर साय धरावी, साईवर माशी बसून विचार करून उडून जावी, तरी बाई परतलेल्या नाहीत. मग एकदम एक लांब श्वास, आणि, "फिरून आले."

"कुठं, बेन?"

"पोटात. बाजार गजबजलेला आहे. त्याच्या मागं पोकळ वस्ती आहे. भिंत शाबूत."

पोटाची भिंत ही त्यांच्या लेखी सुरतेसारखीच होती. सगळ्यात आत बाजार, जिथं अन्न येतं, आम्ल सुटतं, गडबड चालते. त्याखाली विरळ, मऊ वस्ती, बारीक बारीक नळ्यांच्या गल्ल्यांची. त्याखाली स्नायूंचा कोट. त्याच्याबाहेर एक झिरझिरीत पडदा, आणि पडद्यापलीकडे तापीसारखं मोकळं काहीतरी, जिथं गेलेला परत सापडत नाही. रोज त्या या शहरातून पायी हिंडायच्या. गुलाबी रस्ते, जांभळी घरं. एकदा म्हणाल्या, "तुला सांगते, काही पोटं इतकी सुंदर असतात की आजार शोधायला आलेय हे विसरायला होतं." आणि मग स्वतःच शरमल्या.

कॅन्सर हा शब्द त्या उच्चारत नसत. भिऊन नव्हे. "नावानं काही कळत नाही," म्हणत. त्या 'चालणारा' म्हणायच्या. डॉक्टरांनी विचारलं की गाठ किती मोठी, तर फटकारायच्या, "मोठी-लहान बाजारात विचारा. कुठपर्यंत चालत गेली ते मला विचारा." आणि त्यांचे चार प्रश्न असत. खोल किती गेला? कडेनं कसा गेला, टोळीनं भिंत ढकलत, की एकेकटा गर्दीत मिसळून? मज्जातंतूला वेटोळं घातलंय का? आणि चौथा, ज्यासाठी त्या बंद वाराची वाट बघायच्या: रक्ताच्या किंवा लसिकेच्या बारीक नळीत शिरलाय का?

"नळीत शिरला म्हणजे त्याला गाडी मिळाली," त्या समजावायच्या. "उधन्याला भुसावळच्या गाडीत बसलेला माणूस नंदुरबारला उतरेल का अमळनेरला, मी कसं सांगू? नुसता फलाटावर असेल तर अजून हाताशी आहे."

या चार प्रश्नांची त्यांची वही होती, आणि असली वही जगात दुसरी नसेल. त्यांचे वडील पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये रंगमास्तर होते. धुळ्याकडून आलेले, कापडाचे रंग जुळवण्यात आयुष्य गेलं. त्यांचं जुनं शेडकार्ड, म्हणजे कापडाच्या चिंध्या रंगाच्या क्रमानं चिकटवलेलं जाडजूड बाड, मोटीबेनकडे आलं होतं. दर चिंधीशेजारी त्यांनी एकेक पोट लिहून ठेवलं होतं. चार प्रश्नांची उत्तरं बघून चिंधी निवडायची. फिक्या गुलाबीपासून गडद कथ्थईपर्यंत. आणि दर उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, आख्खी सुरत गच्चीवर पतंग कापत 'काट्यो छे' म्हणून ओरडत असताना, या बाई खोलीत बसून एकेका घरी फोन लावायच्या. "आहेत का" असं विचारत नसत. विचारत, "जेवतात का?"

जेवत असतील तर चिंधीशेजारी पेन्सिलीनं एक ठिपका. काही चिंध्यांपुढे ठिपक्यांची रांग पानाबाहेर गेली होती. कथ्थई रंगातसुद्धा एक होती तशी. तिच्यावरून बोट फिरवत त्या म्हणायच्या, "हा बघ, मला खोटं पाडतोय. रोज सकाळी नाश्त्याला दोन प्लेट लोचो खातो, हरामखोर." इतक्या प्रेमानं दिलेली शिवी मी दुसरी ऐकली नाही.

कुणी नातेवाईक कळवळून विचारी, "बेन, किती दिवस?" तर त्या शेडकार्ड मिटायच्या. "मी कपड्याचा रंग सांगते. कपडा किती दिवस टिकेल ते नेसणाऱ्यावर असतं, धुणाऱ्यावर असतं."

वडिलांचं एक वाक्य त्यांनी लॅबच्या दारावर लावलं नव्हतं एवढंच, बाकी दिवसातून चार वेळा म्हणत. "घाई केली की कापड आटतं. आणि आटलेलं कापड खोटं बोलतं."

हे मला उद्देशून असे. माझं कामच ते होतं. मांसाचा तुकडा फॉर्मॅलिनमधून आला की त्यातलं पाणी काढायचं, मग मेणात बसवायचा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापायचा, रंगवायचा. आणि पाणी एकदम नाही काढायचं. आधी निम्म्या पाण्याच्या स्पिरिटात, मग जरा कडक, मग अजून कडक, मग पूर्ण कडक, असं पायरीपायरीनं उतरवायचं. तुकड्यांची टोपली घेऊन एका बरणीतून दुसऱ्या बरणीत. प्रत्येक पायरीला थांबायचं. त्या थांबण्यात मी थापा मारायला शिकलो. दुसरं करणार काय?

आता माझ्या मायकडे येतो.

माय नवागामच्या खोलीत साड्यांना लेस लावायची. शिरपूरकडून आली तेव्हा तिच्या कडेवर मी होतो आणि डोक्यावर पाटा. पाट्याचं मी वाढवून सांगत नाही, तो पाटा अजून आहे. तिचं जेवण म्हणजे गल्लीतला कार्यक्रम. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, ठेचा, त्यावर तेलाची धार, आणि पहिला घास तोंडात गेला की डोळे मिटून ती हुंकार द्यायची, तेव्हा शेजारच्या खोलीतला माणूस भूक लागली म्हणून उठायचा.

त्या मायला आंबट ढेकरा येऊ लागल्या. मग जेवण निम्म्यावर. दुर्बीण घातली तर पोटाच्या आतल्या अंगाला एक लहानसा, खरबरीत डाग. दुर्बिणीच्या डॉक्टरांनी तो आतल्या आत, फळाची साल काढावी तसा सोलून काढला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "वरवरचा वाटतोय. पण रिपोर्टमध्ये नळीत शिरलेला निघाला, तर पोट काढावं लागेल. पुढच्या सोमवारची तारीख धरून ठेवतो. नाही निघाला, तर दर वर्षी दुर्बीण, बाकी काही नाही."

मायला मी सांगितलं. तिनं लेस बाजूला ठेवली. मग म्हणाली, "पोट काढी टाकं तं भूक कोठे ठेवू रे भाऊ?"

दिवसभर तिनं काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रिपोर्ट येईपर्यंत घास उतरणार नाही म्हणे.

तो तुकडा मी स्वतः आणला होता, थर्माकोलवर टाचण्यांनी ताणून, फॉर्मॅलिनच्या बरणीत. एवढासा, पोस्टाच्या तिकिटापेक्षा जरा मोठा. त्याच्यात माझी माय होती, असं नाही म्हणत. पण त्या बरणीला मी रिक्षात मांडीवर धरून बसलो होतो, आणि भेस्तानचा खड्डा आला तेव्हा माझ्या तोंडून "सांभाळ माय" निघालं होतं.

आणि मग मी घाई केली.

त्या दुपारी पहिल्या दोन बरण्या मी गाळल्या. टोपली थेट कडक स्पिरिटात. दोन दिवस उपाशी असलेली म्हातारी घरी बसली होती, आणि मी हुशार माणूस, नऊ वर्षं बरण्या हलवणारा, मला वाटलं तेवढ्यानं काय होतंय. टोपलीत मायचा तुकडा एकटा नव्हता. अजून अकरा जणांचे होते. ते मला तेव्हा आठवलेसुद्धा नाहीत.

काच तयार झाली ती नेमकी बंद वाराच्या सकाळी. लूम गप्प. भिंतीवर गुलाबी ऊन डुलतंय. मोटीबेन उशांवर चढल्या, डोळा लावला आणि गेल्या.

मी मोजत होतो. चहावर साय आली. साय सुरकुतली. माशी आली, विचार करून गेली.

"खोल गेलेला नाही," त्या आतूनच बोलल्या. आवाज लांबून, पाण्याखालून आल्यासारखा. "बाजारातून खाली उतरलाय, पण पहिल्याच गल्लीत आहे. कडा टोळीची. मज्जातंतूंच्या वाटेला गेलेला नाही." मग काच जराशी सरकवली. मग, "खिडक्या फार आहेत या पोटात."

"खिडक्या?"

"पुंजक्यांच्या भोवती पांढऱ्या फटी. जणू पुंजका नळीत बसलाय." त्यांनी मोजल्या. "सात."

सात. सोमवार डोळ्यांसमोर आला, आणि माय, आणि तिची भूक, आणि ती ठेवायला जागा नाही.

मोटीबेननी डोळा बाजूला घेतला. चष्मा पुसला. "पायऱ्या सगळ्या उतरवल्यास ना रे?"

"सगळ्या, बेन! घड्याळ लावून. पहिल्या बरणीला तर मी खुर्ची घेऊन बसलो होतो. खिडकीत कबूतर आलं, पांढरं, एका पायानं लंगडं, त्याला मी म्हटलं बाबा थांब, अजून पाच मिनिटं आहेत, तर ते थांबलं—"

"लंगडं?"

"डाव्या पायानं."

त्या स्टुलावरून खाली उतरल्या. ट्रेमधून त्याच टोपलीच्या बाकीच्या काचा उचलल्या. एका बाईचं पित्ताशय. एका माणसाची मानेची गाठ. एकेक लावली, एकेक पाहिली. पित्ताशयातही फटी. मानेच्या गाठीतही फटी. जिथं आजार नव्हता तिथंही मांस काठापासून सुटून आत आकसलेलं, घाईनं धुतलेल्या कापडासारखं.

"गप्पीदास," त्या अगदी हळू म्हणाल्या, "सगळ्या सुरतेला एकाच दिवशी खिडक्या पडल्या?"

खाली कारखान्यात कुणीतरी तेलाचा डबा ठेवला, त्याचा टण्ण आवाज वरपर्यंत आला. एरवी साठ लूमच्या गदारोळात माझं खोटं खपून गेलं असतं. त्या दिवशी मागं लपायला काहीच नव्हतं.

"गाळल्या," मी म्हणालो. "दोन."

मोटीबेननी मान हलवली. "नऊ वर्षांत हे तुझं पहिलं वाक्य, ज्यात कबूतर नाही."

मला वाटलं आता हाकलतील. त्यांनी चहा घेतला, गार, सायीसकट. मग म्हणाल्या, "फट खरी का आटलेली, हे या रंगात कळायचं नाही. खऱ्या नळीला आतून अस्तर असतं. अस्तर तेवढं रंगवणारा रंग आपल्याकडे नाही, अमदावादला आहे. तिकडे पाठवून यायला आठ दिवस लागतील."

"सोमवारी ऑपरेशन आहे, बेन."

"मग सोमवार पुढं सरकेल. पोट गेलं तर ते पुढं-मागं सरकत नाही."

डॉक्टरांचा फोन माझ्यासमोर झाला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. "बेन, मला फक्त हो किंवा नाही सांगा. शंका असेल तर हो समजून काढून टाकू, सेफ राहील."

"कोणासाठी सेफ?" मोटीबेन म्हणाल्या. "माझ्या लॅबमध्ये चूक झाली आहे. तुकडा आटलाय. आठ दिवस द्या."

"तुमच्या लॅबमध्ये?"

"माझ्या."

माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग त्यांनी डायरी काढली आणि उरलेल्या अकरा जणांच्या डॉक्टरांना एकामागून एक फोन लावले. सगळ्यांना तेच वाक्य, त्याच आवाजात. कुणी हसलं, कुणी चिडलं, एकानं तर "बेन, हे बोलायची काय गरज होती, कुणाला कळलं असतं?" असंही विचारलं. त्यांनी त्याला विचारलं, "तुम्ही लुंगी घेताना धुऊन आटेल का ते विचारता ना?" आणि फोन ठेवला.

त्याच संध्याकाळी मी मायला लॅबवर आणलं. घरी ती माझं ऐकेना, उपास सोडेना. जिना चढून आली, धापा टाकत बसली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. दोघी सारख्याच एवढ्याशा.

"ये बठ व माय," मोटीबेन म्हणाल्या. बाईंच्या तोंडून अहिराणी मी पहिल्यांदा ऐकली. वडिलांची असावी, आत कुठंतरी घडी घालून ठेवलेली.

माय थेट मुद्द्यावर, डाग कुठपर्यंत गेलाय यावर. "डाग कथालगून गया?"

मोटीबेननी मायच्याच साडीचा काठ हातात घेतला. "हे कापड. खाली हे अस्तर. डाग कापडातून अस्तराला टेकलाय. अस्तराच्या धाग्याधाग्यातून पळत सुटलाय की नाही, ते बघायचंय." मग त्यांचं नेहमीचं सुरू झालं, की एक टोळीनं येतो, एक एकेकटा येतो, गल्लीत मिसळून जातो, कुणाला पत्ता लागत नाही.

मायनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आम्ही बी अशेच उनूत ना सुरतले. एकेक करी. मंग आम्ही बी डागच का?"

मी जागच्या जागी मेलो. मोटीबेन मात्र इतक्या हसल्या की उशी घसरली. "नाही व माय. तुम्ही भिंत नाही खाल्ली. तुम्ही लेस लावली."

मायला ते पटलं असावं. निघताना तिनं अर्धा कप दूध घेतलं. तीन दिवसांतलं पहिलं.

अमदावादच्या काचा आल्या त्या दिवशी बंद वार नव्हता. मोटीबेननी खाली जाऊन कारखान्याच्या शेठला काय सांगितलं, देव जाणे. मी सांगताना सांगतो की सगळे लूम थांबले, दोन्ही पाळ्यांचे कारागीर टोप्या काढून उभे राहिले. तसं काही नाही. थांबले फक्त आमच्या टेबलाखालचे चार, अर्धा तास. पण ते थांबले.

या वेळी बराच वेळ पाहून झाल्यावर त्या स्टुलावरून उतरल्या आणि मला म्हणाल्या, "तू बस."

मी डोळा लावला. आणि तेव्हा मला कळलं त्या कुठं जात असत. सगळं फिकट निळसर, पहाटेच्या धुक्यासारखं. त्या धुक्यात इकडेतिकडे तपकिरी, अगदी बारीक काठाची घरं. ती खऱ्या नळ्यांची घरं. शांत, रिकामी, दारं लावून झोपलेली. मी एकेक ओलांडत गेलो. मग सात खिडक्या आल्या. पहिलीला तपकिरी काठ नव्हता. दुसरीला नव्हता. मी सातवीपर्यंत गेलो, तिथं खूप वेळ उभा राहिलो. काठ नव्हता. नुसती पांढरी फट. माझी घाई, काचेवर चिकटलेली.

परत आलो तेव्हा गाल ओले होते. "फिरून आलो," मी म्हणालो.

रिपोर्ट त्यांनी सांगितला, मी टाइप केला. शेवटची ओळ: तपासलेल्या भागात नळीत शिरकाव दिसला नाही. त्याखाली अजून एक: तुकड्यावरील प्रक्रियेतील चुकीमुळे आकुंचन झाले आहे, चूक प्रयोगशाळेची.

"बेन, नुसतं 'नाही' लिहा ना," मी म्हणालो. "'दिसला नाही' कशाला?"

"कारण मी दिसण्याचंच काम करते. असण्याचं नाही."

मायनं तो कागद उलटासुलटा केला. वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवलं, मोटीबेन समोर होत्या. "म्हंजे हां का नही?" मायनं विचारलं.

"म्हणजे मी त्या रस्त्यानं जाता येईल तेवढी जाऊन आले, तो भेटला नाही."

"म्हंजे काय करू?"

मोटीबेन म्हणाल्या, "म्हणजे जेव."

पोट राहिलं. त्या दिवशी घरी येऊन मायनं भाकरी थापली, आणि पहिल्या घासाच्या हुंकारानं शेजारचा माणूस उठला. इथं काही वाढवायची गरज पडली नाही.

पण त्या शेवटच्या ओळीनं व्हायचं ते झालं. स्वतःच्या चुका कागदावर लिहिणारी लॅब कुणाला हवी असते? एका मोठ्या हॉस्पिटलचे तुकडे यायचे बंद झाले, मग दुसऱ्याचे. टोपली हलकी होत गेली. मोटीबेन तशाच उशांवर चढत, तशाच जात, फक्त आता परत यायला जास्त वेळ लागे, कारण बोलवायला कुणी फोन करत नव्हतं. एक दिवस म्हणाल्या, "आता सगळेच वार बंद वार." आणि लॅब बंद केली. माझं नाव त्यांनी कुणापुढे घेतलं नाही. मला दुसरीकडे नोकरी लागली ती त्यांच्याच चिठ्ठीवर. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'पायऱ्या गाळत नाही.' ती चिठ्ठी दाखवताना मला जितकी लाज वाटली तितकी कबुतराची नव्हती वाटली.

जाताना शेडकार्ड माझ्याकडे दिलं. मायच्या नावापुढे त्यांनी चिंधी लावलीच नव्हती. नुसते पेन्सिलीचे ठिपके. आता उत्तरायणला मीच फोन लावतो. वर गच्च्यांवर आरडाओरडा चाललेला असतो आणि मी एका कानात बोट घालून विचारतो, "जेवतात का?" त्या दिवशी मी एकही थाप मारत नाही. वर्षातून एक दिवस, पण मारत नाही.

परवा मायची पाचवी दुर्बीण झाली. स्वच्छ. घरी येताच तिनं कळण्याच्या भाकरी केल्या, वांग्याचं भरीत केलं, डबा बांधला आणि माझ्या हातात दिला. "जाय, मोटीबेनले दी ये."

भेस्तानला त्यांच्या घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, बेन गेल्या. कुठं? तिला ठाऊक नव्हतं. खालचा दुकानदार म्हणाला नवसारीला भाचीकडे. समोरचा म्हणाला, डोळ्यांच्या ऑपरेशनला गेल्या त्या परत आल्या नाहीत. फोन बंद. जुन्या लॅबवर गेलो, तिथं आता साड्यांचे गठ्ठे. खालचे लूम जोरात. पलसाण्याला, वडिलांच्या मिलच्या फाटकापर्यंतसुद्धा जाऊन आलो, का ते सांगता येणार नाही.

परतताना तीन उत्तम गोष्टी मी तयार केल्या होत्या. एकीत त्या जपानला पोटं बघायला गेल्या होत्या, राजाच्या बोलावण्यावरून. खोली आली. माय दारातच बसली होती. डबा तसाच पाहून तिनं विचारलं, "भेटनी का?"

"जिथं जिथं पाहिलं," मी म्हणालो, "तिथं दिसल्या नाहीत."

माय जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा मोकळा झाला.

"मंग व्हई कोठे तरी," ती म्हणाली. डबा माझ्या हातातून घेतला, उघडला, भाकरी मोडली, आणि डोळे मिटून जेवायला लागली.